देव घासायचा कागद

रावजींच्या हनुवटीला एका महिन्यात तिसऱ्यांदा रक्त आलं, त्या सकाळी माझ्या नवऱ्यानं वस्तरा मिटला, पुसून खणात ठेवला आणि सांगून टाकलं, "शिमगा झाला की दुकान बंद. माजा हात गेला."

मी मधल्या दारात उभी होते. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यायला हवं. काशीराम. मांडवीच्या रस्त्याला आमची पडवी आहे, तिलाच फळ्या मारून सासऱ्यांनी हजामतीचं दुकान केलं होतं. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. मधल्या दाराला पडदा आणि पडद्यामागे मी. तीस वर्षं त्या पडद्याआडून मी निम्म्या रत्नागिरीची तोंडं साबणानं माखलेली पाहिली आहेत, त्यामुळे माणूस कितीही मोठा असला तरी मला त्याचं दडपण येत नाही.

रावजी पोस्टातून निवृत्त झालेले, एक दिवसाआड दाढीला येणारे. बिचारे तुरटीचा खडा हनुवटीवर दाबून म्हणाले, "अरे, येवढ्याशानं काय होतंय? माजाच कातडा सैल झालाय." त्यांच्या चांगुलपणाचा मला त्या क्षणी राग आला. माणसानं चार शिव्या घातल्या असत्या तर ह्यांनीही भांडून मन मोकळं केलं असतं.

'हात गेला' हे शब्द आमच्या घरात साधे नाहीत. चोवीस वर्षांपूर्वी वरच्या आळीतल्या चिंतामणी नानांच्या मुलाची मुंज होती. नाना आंब्याच्या बागेचे मालक, शिवाय शाळेत मास्तर. त्यांच्या घरच्या हजामती तीन पिढ्या आमच्याकडे. माझे सासरे, विठू न्हावी, सकाळी नानांची दाढी करायला बसले आणि जबड्याखाली वस्तरा असा लागला की नानांचा सदरा लाल झाला. मुंजीच्या घरात रक्त! नाना एक अक्षर बोलले नाहीत. पण सासरे ह्यांना म्हणाले, "पोराचा डोका तू कर. माजा हात गेला." घरी आले, वस्तरा-कात्रीची धोपटी गुंडाळून खुंटीला टांगली आणि ती पुन्हा उघडली नाही. हळूहळू बोलणंही बंद केलं. दिवसभर पडवीच्या कडेला बसून रस्त्याकडे बघायचे. पुढच्या पावसाळ्यात गेले. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं.

म्हणून मला धडकी भरली होती. दुकान राहो नाहीतर जावो, हा माणूस त्याच पडवीच्या कडेला बसून संपलेला मला बघायचा नव्हता.

त्याच आठवड्यात नाना स्वतः आले. मुंजीतला तो मुलगा आता तिशी ओलांडलेला, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्याला मुलगा झाला होता. नवस हेदवीच्या दशभुजा गणपतीचा, त्यामुळे बाळाचं जावळ तिथेच काढायचं, चैत्रात.

"काशीराम, त्या डोक्याला पहिला वस्तरा तुझा," नाना म्हणाले.

"नाना, दुसरा कोणतरी बघा. स्टँडजवळ नवा सलून झालाय."

"तो पाळण्यातल्या पोराला फिरत्या खुर्चीत बसवील रे!"

"मस्करी नाय, नाना. बाबांसारखा माजा पण झालाय."

नानांचा हात आपोआप जबड्याखाली गेला. तिथे अजून एक पांढरी रेघ आहे. मग छत्री उचलून ते म्हणाले, "शिमगा होऊ दे. मी परत विचारायला येईन. दुसऱ्याला सांगत नाही तोवर." ते गेले आणि हे कितीतरी वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

आता माझा स्वभाव. मी संशयी आहे, असं माहेरी-सासरी दोन्हीकडे म्हणतात आणि ते खरं आहे. त्या संध्याकाळी मी चहा केला, बशी मुद्दाम काठोकाठ भरली आणि ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती उचलली, फुंकर मारली, प्यायले. जमिनीवर थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सुई-दोरा पुढे केला, म्हटलं, मला दिसत नाही, ओवून द्या. एका झटक्यात ओवून दिला. आणि तेव्हा मला एकदम आठवलं, खुंटीला धोपटी टांगल्यावरही सासरे मला सुया ओवून देत असत. तेव्हा मी पंचविशीही न गाठलेली सून. हात गेलेला माणूस सुई कशी ओवतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला असता तरी सासऱ्यांसमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

शिमग्याला माझा धाकटा भाऊ आत्माराम आला. ठाण्याच्या एका कारखान्यात तो डिझेल इंजिनाच्या पंपाचे बारीक भाग घासून आरशासारखे करतो. येताना त्यानं माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून रंगीत कागद आणले होते. पिवळा, निळा, गुलाबी, हिरवा. पतंगाच्या कागदाहून जाड, पण कागद नव्हेच, प्लास्टिक. एक बाजू गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं तर जेमतेम काहीतरी आहे असं वाटायचं.

"ह्याला फिल्म म्हणतात, बाय. बाहेरच्या देशातून येते. एकदा वापरली की कारखान्यात टाकून देतात, तेच तुकडे मागून घेतले. देव घासायला बरे," तो म्हणाला.

मी घासून पाहिले. हिरव्या तुकड्यानं अन्नपूर्णा अशी लखलखली की मी घाबरून बाळकृष्णाला हातच लावला नाही. आधीच त्याचं नाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिंचेनं गेलेलं, उरलेले डोळेही माझ्या हातून जायचे.

पालखी नाचवून दमलेला आत्माराम दुसऱ्या दिवशी दाढीला बसला. ह्यांनी नको म्हटलं, तर म्हणाला, "भावोजी, तुमच्या हाताशिवाय मला दाढी झालीशी वाटत नाय." पहिल्याच फटक्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कानाजवळ कापलं, गालाला कापलं. ह्यांनी वस्तरा टाकला आणि तोंड फिरवून उभे राहिले.

आत्मारामनं साबण पुसला, वस्तरा उचलला आणि खिशातून कारखान्यातलं छोटं भिंग काढून धार बघितली. बराच वेळ बघितली. "धार कशावर लावता?"

ह्यांनी दगड पुढे केला. तो दगड म्हणजे आजेसासऱ्यांचा. वीतभर लांब, राखाडी, मधोमध वापरून वापरून खळगा पडलेला. त्या खळग्याला आमच्या घरात 'आजोबांचा हात' म्हणतात. दगड कधीही घासून सपाट करायचा नाही, केला तर पूर्वजांचा हात पुसला जातो, ही ह्यांच्या घराची रीत. सासरे गेल्यावर ह्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता आणि मुंबईहून आणलेल्या स्वतःच्या दगडावर काम चालवलं होतं. दर दसऱ्याला खळग्यात हळदकुंकू मीच भरायची. दोन वर्षांपूर्वी ह्यांचा दगड चिऱ्याच्या पायरीवर आपटून दुभंगला, तेव्हा ह्यांनी आंघोळ करून, नारळ फोडून आजोबांचा दगड देव्हाऱ्यातून खाली घेतला. त्या दिवशी ह्यांना कोण आनंद झाला होता.

आत्मारामनं खिशातली पोलादी पट्टी दगडावर उभी धरली आणि मला म्हणाला, "बाय, पलीकडून बघ."

मी वाकून बघितलं. पट्टीखालून उजेड दिसत होता. दोन टोकांना पट्टी टेकलेली आणि मध्ये ही एवढी पोकळी.

"वस्तरा ह्याच्यावर सपाट बसतच नाय, भावोजी. धार कुठे लागते, कुठे नुसती चेपते. मग कापत नाय म्हणून तुम्ही हात दाबता. दाबला की रक्त. हात नाय गेला तुमचा, दगड गेलाय."

ह्यांचा चेहरा इतका लाल झालेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता. "त्या दगडावर माझ्या आज्यानं धार लावली, बापानं लावली! तू मला इंजिनाचा शाणपणा शिकवतंस? माझ्या हाताचा दोष आज्याच्या डोक्यावर घालू?" असं म्हणून हे चपला न घालताच समुद्राकडे निघून गेले.

मी मात्र तिथेच बसून बोटांवर मोजत होते. दगड खाली घेतला दोन वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतर. रावजींना पहिल्यांदा लागलं त्याच दिवाळीत. मला आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की सांगता येत नाही. ज्या खळग्यानं ह्यांचं रक्त आटवलं, त्यात वीसेक वर्षं मी माझ्या हातानं कुंकू भरत होते!

"आत्म्या, तुझ्या ह्या देव घासायच्या कागदावर वस्तऱ्याला धार लागेल?" मी विचारलं.

"लागेल असा वाटतंय. आम्ही ह्याच्यावर लोखंडाला तोंड दिसेपर्यंत घासतो. पण वस्तरा मी कधी घासला नाय."

ह्यांचा वस्तरा घेतला असता तर लगेच कळलं असतं. म्हणून मी खुंटीकडे गेले. सासऱ्यांची धोपटी चोवीस वर्षं कुणी उघडली नव्हती, मी सोडून. दर दसऱ्याला मी आतल्या वस्तऱ्याला खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवत असे, खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून. खाली काढताना हात जोडले आणि मनात म्हटलं, मामंजी, रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा.

फिल्म सपाट कशावर ठेवायची? काचेवर, आत्माराम म्हणाला. घरात सपाट काच एकच, लग्नातल्या फोटोवरची. फोटो काढून ठेवला. काचेवर पाणी शिंपडून पिवळा तुकडा वर पसरला, तो पाण्यानं आपोआप चिकटून बसला. पहिल्या खेपेला आत्मारामनं कारखान्यातल्यासारखा जोर लावला आणि वस्तऱ्यानं फिल्म टरकन फाडली. दुसऱ्या खेपेला खाली हवेचा फुगा राहिला होता, तिथे पुन्हा फाटली. पिवळ्याचे मग दोनच तुकडे उरले.

"सर तिकडे," मी म्हटलं. तीस वर्षं पडद्याआडून मी नुसती तोंडं बघत नव्हते. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवायची, जोर म्हणून लावायचा नाही, भाकरी थापताना शेवटी हात हलका होतो तितपत. आत्माराम भिंगातून बघून सांगायचा, "टोकाला लागली, मधे नाय अजून." पिवळा झाला, निळा झाला, गुलाबी झाला. हिरव्यावर आलो तेव्हा घासल्याचा आवाजही येईनासा झाला. "हिरव्यावरचा दाणा केसाच्या पन्नासाव्या भागाहून बारीक," आत्माराम म्हणाला. मला त्यातलं काही कळलं नाही. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला आणि माझ्या हातावर धरून बघितला. लव आपली आपण गळून पडली, कातडीला कळलंसुद्धा नाही. आत्माराम माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी आले. ह्यांनी दुकानाच्या फळ्या लावायला काढल्या होत्या. "रावजी, आता येव नका. शिमगा झाला," हे म्हणाले. रावजी टोपी हातात घेऊन तसेच उभे.

मी पडदा सारून बाहेर आले. बायकांनी दुकानात यायचं नाही, हाही आमचा एक नियम आहे. मी रावजींच्या दंडाला धरलं, खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि तोंडाला फेस लावायला सुरुवात केली.

"अगो, वेड लागला काय तुला?" हे ओरडले.

"तुम्ही नाही करत ना? मग मी करते." आणि मी कमरेला खोचलेला सासऱ्यांचा वस्तरा काढून उघडला.

रावजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "काशीराम," ते डोळे मिटून म्हणाले, "तू कितीपण काप. पण हिला आवर."

ह्यांनी माझ्या हातातून वस्तरा हिसकावला. हिसकावल्यावर त्यांना मुठीवरून कळलं, तो कुणाचा आहे ते. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता घरातून बाहेर काढतील. पण समोर गिऱ्हाईक फेस लावून बसलेलं. फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला तसंच उठवणं ह्यांच्या रक्तात नाही, आणि मला तेच माहीत होतं.

ह्यांनी रावजींचा गाल ताणला, वस्तरा टेकवला आणि कानापासून खाली ओढला. ओढताना एक बारीक, कोरडा आवाज आला. तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. हे थांबले. वस्तऱ्याकडे बघितलं, फेस पुसला, परत टेकवला. गाल झाला, ओठावरचं झालं, मग ती सैल कातडीची हनुवटी. गळा झाला. पांढऱ्या फडक्यावर फेस होता, केस होते. रक्त नव्हतं. कुठेच नव्हतं.

"सुरू केलास की नाय रे?" रावजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"झाली, रावजी," हे म्हणाले आणि गळ्याभोवतीचं कापड सोडलं.

रावजींनी हनुवटीवरून हात फिरवला, आरशात बघितलं, पुन्हा हात फिरवला. जाताना दारातून वळून म्हणाले, "परवा येतंय. पण हिला आतच ठेव." मला एवढं हसू आलं, एवढं हलकं वाटलं की मी तिथेच बाकावर बसून रडले.

मी काहीच लपवलं नाही. काच दाखवली, फिल्मचे तुकडे दाखवले, फाटलेलेसुद्धा. हात भाकरीसारखा हलका कसा ठेवला तेही सांगितलं. ह्यांनी आत्मारामच्या हातातून पोलादी पट्टी घेतली, दगडावर उभी धरली आणि वाकून पलीकडचा उजेड बघितला. एकदा बघितला, दगड फिरवून दुसऱ्यांदा बघितला. मग पडवीच्या कडेला जाऊन बसले, सासरे बसायचे तिथे.

मी जवळ गेले. हे सासऱ्यांचा वस्तरा दोन्ही हातांत धरून बसले होते.

"दमे," हे मला म्हणाले, "बाबांचा पण हात नव्हता गेला."

"नव्हता," मी म्हटलं. "मला सुया ओवून देत होते."

"तू कदी बोलली नाहीस."

"मला कुठे कळत होतं? मला काल कळलं."

हे खूप रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याची पर्वा न करता. मी थांबवलं नाही. आत्माराम उगाच फळ्या परत खाली उतरवत राहिला. रडून झाल्यावर ह्यांनी तोंड धुतलं आणि आत्मारामला म्हणाले, "तो कागद कसा चिकटवतात, दाखव बघू. हिला भाकरीशिवाय काय सांगता येणार नाय." मला बोलायचं होतं, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

नाना ठरल्याप्रमाणे परत आले. ह्यांनी होकार दिला, पण आधी सगळं सांगितलं, दगडापासून काचेपर्यंत. आणि म्हणाले, "नाना, जावळ मी बाबांच्या वस्तऱ्यानं काढणार. तुमच्या जबड्याला लागला तोच. चालत नसेल तर आत्ताच बोला."

नानांनी पांढरी रेघ चोळली. "मी त्या दिवशी गप्प बसलो," ते म्हणाले. "वाटलं, बोललो तर विठूला लागेल. माझं गप्प बसणंच त्याला जास्त लागलं असणार. तोच वस्तरा आण, काशीराम."

चैत्रात आम्ही हेदवीला गेलो. एसटीनं जयगड, तिथून लाँचनं खाडी पार, पुन्हा एसटी. ह्यांनी काच दोन टॉवेलांत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर धरली होती, एवढी जपून की शेजारच्या बाईला वाटलं देवाची तसबीर आहे. देवळाबाहेर सावलीत हे बसले, काचेवर पाणी शिंपडलं, हिरवा तुकडा पसरला आणि दहा वेळा वस्तरा फिरवला. बाळाचा मामा त्याला मांडीवर घेऊन बसला. टाळू अजून नीट भरलेली नव्हती, श्वासासरशी ती जागा हलताना दिसत होती. बाळाच्या आईनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

ह्यांनी डोकं कोमट पाण्यानं भिजवलं, बोटं टाळूभोवती ठेवली आणि वस्तरा चालवला. जावळ आईच्या ओच्यात पडत गेलं. बाळ आधी किरकिरलं, मग मामाचं बटण तोंडात धरून चोखू लागलं आणि निम्म्यात झोपून गेलं. शेवटच्या केसापर्यंत झोपलेलंच होतं. ह्यांनी ते गोल डोकं पुसलं, तर त्यावर लाल रेघसुद्धा नव्हती.

आईनं डोळे उघडले, बाळाकडे बघितलं आणि ह्यांच्या पाया पडायला वाकली. ह्यांनी तिला मध्येच थांबवलं. वस्तरा पुसला, मिटला आणि तळहातावर ठेवून तो तिला दाखवला.

"माज्या नको पडू, बाय," हे म्हणाले. "हा विठू न्हाव्याचा हात."